साठीनंतरचं कपाट: माप, रंग आणि 'या वयात'

सोनटक्का

मंडळी, नोकरीतून मोकळी झाले आणि लक्षात आलं की कपाट भरलेलं आहे, पण घालायला काही नाही. हे वाक्य आपण विशीपासून म्हणतो, मान्य. आता मात्र ते खरंच झालंय.

वरच्या खणात ऑफिसच्या साड्या. मंगलगिरी, नारायणपेठ, कोटा, सगळ्या खळ केलेल्या, कडक इस्त्रीच्या. खालच्या खणात लग्नकार्याच्या पैठण्या आणि कांजीवरम. मधलं काहीच नाही. आता भाजी आणायला, बँकेत, भिशीला, दाताच्या डॉक्टरकडे जायला साडीला खळ कोण करत बसणार? घरात गाऊन. बेल वाजली की दारामागच्या खुंटीवरची ओढणी खांद्यावर, हा आमच्या सोसायटीचा राष्ट्रीय पोशाख.

रेडिमेड कुर्ते आणून पाहिले. एल घेतला तर पोटावर ताणतो, एक्सएल घेतला तर खांदा दंडावर उतरतो आणि गळा एवढा की वाकायची सोय नाही. दुकानातल्या मुलीने "आंटी, तुमचं त्या बाजूला" म्हणून दाखवलं. त्या बाजूला म्हणजे राखाडी, चॉकलेटी आणि मेंदी रंग, त्यावर बारीक बुट्टी. त्यात उजवा खांदा आखडलाय, मागचे हुक लावायचे तर शेजारणीला हाक मारावी लागते.

तर, तुम्ही काय घालता? जुन्या साड्यांचं काय केलंत? शिंपी कसा शोधलात? आणि 'या वयात' हे शब्द कानावर येतात का? फॅशनच्या लिंका नकोत, अनुभव लिहा. राहायला सांगलीत आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या दुकानांची यादी देऊन फार उपयोग नाही.

झुळूक

वाचतेय. खुर्ची टाकून बसलेय.

भोकराचं_लोणचं

गाऊनला नावं ठेवायची नाहीत हं! पन्नाशीत अंगातून वाफा निघायला लागल्या तेव्हा सुती गाऊनने मला तारलंय. फक्त आता दुकानातले घेत नाही, शिवून घेते. पुढे पोटापर्यंत चेन, दोन्ही बाजूंना खिसे, लांबी घोट्याच्या वर. त्याच मापात छापील मलमल घेऊन बाहेरचेही दोन शिवलेत. बायका विचारतात, हा ड्रेस कुठून आणला? मी सांगत नाही की हा गाऊनच आहे.

कातरवेळ

नमस्कार सोनटक्काताई. मी लेडीज टेलर. इचलकरंजीत दुकान आहे, आता मुलगा बघतो, मी फक्त कटिंगला बसतो. जरा सविस्तर लिहितो.

साठीच्या पुढची बाई दुकानात येते ती जुना मापाचा ब्लाऊज घेऊन. "हाच बसतो, यावरून शिवा, फक्त दोन्हीकडून अर्धा इंच सोडा." घोटाळा इथेच होतो. घेर वाढलेला असतोच, पण आकारही बदललेला असतो. पाठीला थोडा बाक येतो, खांदे पुढे येतात. म्हणजे मानेपासून कमरेपर्यंत पाठीची लांबी वाढते आणि पुढची कमी होते. जुन्या मापावर शिवलं की ब्लाऊज मागून वर चढतो, पुढे गळ्याशी कापड गोळा होतं आणि बाई दिवसभर मागून खाली ओढत राहते. कुर्त्याचंही तेच, मागचा काठ वर, पुढचा खाली लोंबतो. मग लोक म्हणतात शिंप्याने तिरका कापला. तिरका नसतो, सरळ असतो, म्हणूनच बिघडतो. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या उंचीचा कापावा लागतो.

मानेजवळ पाठीत दोन बारीक टक घेतले की कापड बाकावर बसतं. खांद्याची शिवण पाव ते अर्धा इंच पुढे सरकवायची. छातीचे टक खाली घ्यायचे. ते तरुणपणीच्या जागी ठेवले तर तिथे नुसता फुगा दिसतो.

मुंढा, म्हणजे बाही जोडायचा बगलेचा गोल, मोठा करा, असं सगळ्या सांगतात. करू नका. मुंढा खोल केला की हात वर करताना सगळा ब्लाऊज हाताबरोबर वर येतो. मुंढा नेटका ठेवायचा आणि बाहीचा दंडावरचा घेर सैल करायचा. आखडलेल्या खांद्याला तर हे फार लागतं.

माप उभं राहून द्या आणि स्टुलावर बसूनही द्या. पोटावर दोन-दोन इंचांचा फरक पडतो. हुक पुढे घ्या, मोठे घ्या. आणि शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. औषधं बदलतात, सूज येते, वजन उतरतं. माया असली की उसवून परत बसवता येतं.

झुळूक

कातरवेळ, हा प्रतिसाद छापून माझ्या शिंप्याच्या भिंतीवर लावणार.

निवांत_निवृत्त

पुरुषांना कोण विचारतंय? पोट सुटल्यावर पँटला दोनच जागा उरतात, पोटाच्या वर किंवा पोटाच्या खाली. वर नेसली की आजोबा, खाली नेसली की चालताना घसरते. मागे बसायला काही उरलेलंच नसतं. पट्टा आवळला की जेवणानंतर छातीत जळजळ. शेवटी मी गॅलस, म्हणजे पँट खांद्यावरून धरणारे पट्टे, लावायला लागलो. सौ. पहिल्या दिवशी पोट धरून हसली, आता तीच इस्त्री करताना अडकवून ठेवते. वर अर्धी बंडी घातली की दिसतही नाहीत.

दुसरं म्हणजे बोटं. संधिवातामुळे गळ्याचं आणि कफचं बटण लावणं म्हणजे सकाळचा व्यायाम. पुतण्याने बाहेरून एक शर्ट आणला. बटणं नुसती शोभेची, आतून लोहचुंबक. फटाफट चिकटतात. ज्यांना त्रास आहे त्यांनी जरूर बघा.

नाडीपरीक्षा

काका, शर्ट छान, पण ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी तो घालू नये. चुंबक त्या यंत्राच्या जवळ आला तर त्याचं काम तात्पुरतं बदलू शकतं. साधारण सहा इंचांचं अंतर ठेवायला सांगतात आणि शर्टाची पट्टी तर थेट छातीवरच येते. त्यांच्यासाठी टिचबटणं किंवा वेल्क्रो बरं. शोभेची बटणं वरून तशीच ठेवता येतात.

मी डॉक्टर आहे, कपड्यांतलं फार कळत नाही, पण दवाखान्यात जे दिसतं ते सांगते. पडून हाड मोडलेल्या कितीतरी बायकांचा पाय परकरात, सलवारीच्या तळात किंवा गाऊनच्या काठात अडकलेला असतो. उंची वयाबरोबर थोडी कमी होते, चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण एक सेंटिमीटर धरा. परकर मात्र पन्नाशीत शिवलेलाच असतो. तो आता जमिनीला लागतो आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे परकर काढून एकेक घालून बघा आणि दुमड घाला.

पाऊलही पसरतं. चपला संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजलेला असतो. मागे पट्टा असलेली घ्या. अंगठ्याची चप्पल जिन्यावर नको.

रंगपेटी

डोळ्यांचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आई गडद निळ्या साडीवर काळा ब्लाऊज घालून लग्नाला निघायची आणि मॅचिंग म्हणायची. आम्हाला वाटायचं विसरभोळी झाली. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर ती एकेक डोळा झाकून कपाटासमोर उभी राहिली. या डोळ्याने ही साडी मोतिया, त्या डोळ्याने पांढरीशुभ्र. निळ्या-काळ्याचा घोळही तिचा तिलाच दिसला. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं, त्यामुळे गडद निळा, काळा, गडद तपकिरी सगळे सारखेच वाटतात. तेव्हापासून खरेदी उन्हात. दुकानाच्या दारात साडी नेऊन बघितल्याशिवाय पैसे देत नाही. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

देशस्थ_आणि_स्वस्थ

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. सोय समजू शकतो. पण हल्ली सत्तरीच्या बायका तोकड्या बाह्या, जीन्स, भडक लिपस्टिक, हे बघून कसंतरी होतं. वयाला एक शोभा असते. माझी आजी नऊवारीत जशी दिसायची तशी आजची एकही आजी दिसत नाही. सुनेच्या माहेरची माणसं घरी आली तर घरातली मोठी बाई मोठी दिसायला हवी की नको?

भोकराचं_लोणचं

अहो, तुमची आजी विशीतही नऊवारीच नेसत होती ना? ती वयाला शोभणारं घालत नव्हती, तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. आणि त्याच नऊवारीत ती विहिरीचं पाणी शेंदायची. आज तुम्ही सहावारीत नुसता सरकता जिना चढून दाखवा.

निवांत_निवृत्त

मी गॅलस लावतो, मला कुणी शोभा विचारली नाही. बर्म्युडा घालून दूध आणायला जाणाऱ्या आजोबांनाही कुणी विचारत नाही.

देशस्थ_आणि_स्वस्थ

बर्म्युडा मलाही आवडत नाही, नोंद असावी.

ओवी

शोभा ठरवतं कोण, ते मी सासूबाईंच्या बाबतीत बघितलंय. सासरे गेले आणि वर्षाच्या आत कपाटातले लाल, हिरवे, पिवळे रंग गेले. कुणी सांगितलं नाही, पण प्रत्येक सणाला भेट येणारी साडी पांढरट, फिकट राखाडी किंवा फार तर आकाशी. देणारे तेच निवडायचे. त्या फिकट साडीखाली डाळिंबी ब्लाऊज घालायच्या आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायच्या, म्हणजे बाहीची नुसती पट्टी दिसायची. खूप दिवस मला वाटायचं त्यांना थंडी वाजते.

आमच्याच बाजूला, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी सासूबाईंनी पेपरात वाचली, मला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "ठराव झाला, आता साड्या देणाऱ्यांना कोण सांगणार?" मग मीच सांगायला लागले. भाऊबीजेला मामांना फोन करून रंग सांगितला, आमसुली. मामांनी दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. आता घरातल्या आहेरात रंग त्या स्वतः सांगतात आणि पदर एका खांद्यावर असतो.

मोतिया

ओवी, छान लिहिलंस, पण दुसरी बाजूही सांगते. मला पांढरं मनापासून आवडतं. हे असतानाही आवडायचं, तेव्हा सासरचे नको म्हणायचे. आता हे नाहीत, तर लेकी हट्टाने राणी कलर आणतात, "आई, तू रंगीत घातलंच पाहिजेस." तेव्हाही माझं कुणी ऐकलं नाही, आताही नाही. बायांनो, पांढरी चंदेरी द्या मला, बारीक सोनेरी काठाची. राणी कलर तुम्ही घाला.

ओवी

मोतियाताई, अगदी मान्य. पुढच्या वेळी आधी विचारून देणार.

सावरलेली

एक नाजूक विषय, पण इथे लिहिलाच पाहिजे. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर एक बाजू काढली. बाहेर जायचं म्हटलं की साडीचा पदर सारखा त्या बाजूला ओढायची. मग एका शिंपीणताईंनी नेहमीच्या ब्राला आतून मलमलचा खिसा शिवून दिला, त्यात पॅड बसतं. खिसा वरून तिरका उघडा ठेवलाय, म्हणजे वाकलं तरी पॅड बाहेर येत नाही. पॅड हलकं असेल तर ती बाजू वर सरकते, त्याला थोडं वजन लागतं. शिवाय हुक पुढे घेतले.

काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळे त्या हाताला सूज येण्याची भीती असते. त्या बाजूची बाही सैल, आणि बांगड्या-घड्याळ दुसऱ्या हातात. दोन्ही बाह्यांचे घेर वेगळे आहेत हे बघणाऱ्याला कळतही नाही. कातरवेळदादा, तुमच्याकडे असं कुणी आलं तर बिचकू नका, सरळ विचारा. बिचकणाऱ्या शिंप्याकडून आम्ही परत फिरतो.

कातरवेळ

ताई, खरं आहे. आमच्याकडे अशी मापं आता सूनबाई घेते, पडद्याआड. दोन्ही बाजूंची मापं वेगळी लिहायची, हे तिनेच सुरू केलं.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथे थंडीत साडी म्हणजे आतून थर्मल, वर ब्लाऊजऐवजी पूर्ण बाह्यांचा पातळ काळा स्वेटर आणि पायात बूट. मराठी मंडळाच्या संक्रांतीला निम्म्या बायका अशाच. पहिल्यांदा मी बूट साडीत लपवत होते. मग उषा उथुप यांचे कांजीवरमच्या कापडाचे काठ लावलेले बूट पाहिले आणि लपवणं सोडलं. साडीखाली बूट असेल तर साडी इंचभर वर नेसा, नाहीतर काठ ओला होतो. बाकी अमेरिकन म्हाताऱ्यांकडून मी एक गोष्ट उचलली. सजण्याच्या हौसेसाठी प्रसिद्ध असलेली न्यूयॉर्कची आयरिस ॲपफेल १०२ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत ढीगभर बांगड्या, गोल मोठा चष्मा. इथल्या सगळ्या काही तशा नसतात, बहुतेकींच्या अंगावर स्वेटशर्टच असतो. पण कुणी तशी सजून आलीच तर लोक तिच्या बांगड्यांची चौकशी करतात, वयाची नाही.

खणखणीत

सोनटक्का, जुन्या साड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

ऑफिसच्या सुती साड्यांची खळ काढून टाक. दोन-तीनदा नुसत्या पाण्यातून काढल्या की मंगलगिरी इतकी मऊ पडते की विश्वास बसणार नाही. मग तीच बिनइस्त्रीची नेस, चुण्या पडू देत. किंवा कुर्ते शिव. सहावारीत दोन कुर्ते आरामात निघतात. आईची नऊवारी असेल तर मापाने तीन निघायला हवेत, पण लुगडं बसायच्या जागी विरलेलं असतं, ते टाळून दोनच धर. काठ खाली आणि बाहीला येईल असं शिंप्याला आधी मांडून दाखवायला सांग. कापल्यावर बोलून उपयोग नाही.

इरकल कापणार असशील तर पदराचा जोड कुठे येतो ते बघ. तिचं अंग आणि पदर यांचे ताणे वेगळे असतात, विणकर ते एकमेकांत अडकवतात. तो जोड छातीवर किंवा कोपरावर आला तर तिथे आधी जाईल. लाल पदर वेगळा धुऊन बघ, रंग सुटतो का.

पैठण्या कापू नकोस. निदान आत्ता तरी. हौशीने कापून जॅकेट शिवणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत, दोन वर्षांनी जॅकेटही बसत नाही आणि पैठणीही गेलेली असते. घड्या मात्र बदलत राहा, नाहीतर घडीवरच जर तुटते. मलमलमध्ये गुंडाळ, डांबरगोळी जरीला लागू देऊ नकोस. भारी कांजीवरम खांद्याला झेपत नसेल तर घरातल्या मुलींना नेसायला दे, पण 'परत आण' सांगून. आमच्याकडे वहीत लिहून देतात. हसा.

आणि तुझ्याजवळच कापड आहे गं बाई. इचलकरंजीत मीटरवर कापड मिळतं, कॉटन हातात घेऊन बघ, चुरगाळून सोड. सुरकुती लगेच गेली तर त्यात पॉलिस्टर आहे.

देशस्थ_आणि_स्वस्थ

सगळं वाचलं. परकराच्या दुमडीचं सौ.ला सांगितलं. पाच परकर लांब निघाले. जीन्सबद्दलचं मत कायम.

भोकराचं_लोणचं

पाच परकर हीही क्रांतीच हो.

सोनटक्का

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कालच सगळे परकर घालून बघितले, माझेही दोन जमिनीला लागतात. ऑफिसच्या साड्या भिजवल्या, पाणी ताकासारखं पांढरं झालं. त्यातली एक मोरपंखी मंगलगिरी आणि एक हळदी नारायणपेठ कुर्त्यांसाठी काढलीय. हळदी रंगावर जाऊबाई "या वयात?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, पुढच्या आठवड्यात, शिंप्याकडून आली की. त्यावर त्याच म्हणाल्या, मग माझीही एक ने.

कातरवेळदादा, दोन शंका. कुर्त्याला दोन्ही बाजूंना कट असतात ते माझ्या पोटावर उघडतात आणि सलवारीची नाडी दिसते. कट बंदच करू का? आणि खिसा हवाय, मोबाईल मावेल असा. इथल्या शिंप्याने खिसा म्हटल्यावर "कशाला, पर्स आहे की" असं सांगितलं.

कातरवेळ

कट बंद केलेत तर बसताना मांडीवर ताणेल आणि जिना चढताना अडेल. कट ठेवा, पण खाली सुरू करा. नेहमी कमरेच्या थोडं खाली कट उघडतो, तुम्ही सीटच्या सगळ्यात रुंद भागाच्या दोन बोटं खाली उघडा. पोटाला जागा हवी तर बगलेपासून खाली एकेक कळी घाला, घेर वाढतो आणि कट उघडत नाही. साडीचं कापड आहे, काठाकडून कळीला पुरेल.

खिसा एरवी उजव्या बाजूच्या शिवणीत घेतात. खांदा उजवाच दुखतोय ना, मग डावीकडे घ्या. तोंड सहा इंचांचं, खोली नऊ इंच, आणि खिशाचं कापड पुढच्या भागाला आतून टाचून घ्या, नाहीतर मोबाईल मांडीवर आपटत राहतो. माप देताना मोबाईल बरोबर घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. शिंपी मग वाद घालत नाही.

जाऊबाईंचं माप वेगळं द्यायचं, "हिच्यासारखंच" म्हणून नाही. आणि त्यांची साडीही तुमच्यासारखी आधी भिजवून, वाळवून न्या. खळीचं कापड कापलं आणि मग धुतलं तर बाही दोन बोटं वर जाते.